उपासनेची भाषा : रोम, गोवें आणि कोल्हापूर

कार्तिकमासांत पहाटे पंचगंगेवर स्नानास जाण्याची चाल कोल्हापुरांत फार जुनी आहे. याच नदीकांठीं एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस एक असा प्रसंग घडला कीं, त्याचे पडसाद पुढें कित्येक वर्षें साऱ्या महाराष्ट्रांत उमटत राहिले. छत्रपति शाहूमहाराज स्नान करीत होते, नारायण भट नांवाचे उपाध्ये मंत्र म्हणत होते, आणि सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांच्या ध्यानांत आलें कीं, हे मंत्र वेदांतले नसून पुराणांतले आहेत. वेदोक्त प्रकरणाचा आरंभ तो हा. कोल्हापुरांतल्या शाळकरी मुलासही ही कथा ठाऊक असल्यामुळें ती येथें विस्तारानें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आज आम्हांस वाचकांस न्यावयाचें आहे तें फार दूर, रोमच्या धर्मपीठापर्यंत. परंतु शेवटीं परत येऊन उभें राहावयाचें आहे तें याच घाटावर, म्हणून प्रारंभींच त्याचें स्मरण करून ठेविलें.

16 जुलै 2021 रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं एक आज्ञापत्र काढून जुन्या पद्धतीच्या लॅटिन मिस्साविधीवर कडक निर्बंध घातले. त्यांच्याच आधींचे पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं 7 जुलै 2007 रोजीं तोच विधि कोणाही धर्मगुरूस करण्याची मुभा दिली होती. चौदा वर्षांच्या अंतरानें एकाच गादीवरून परस्परविरुद्ध दोन निर्णय निघाले, आणि युरोप-अमेरिकेंतील कॅथलिक समाजांत त्यावरून मोठी खळबळ उडाली. पुरोहितानें प्रार्थना कोणत्या भाषेंत म्हणावी आणि ती म्हणतांना तोंड कोणीकडे करावें, एवढ्याशा गोष्टीवरून सुशिक्षित माणसांनीं इतकें हातघाईवर कां यावें, असा प्रश्न तिऱ्हाइतास पडेल. कोल्हापूरकरास मात्र तो पडूं नये. या वादाकडे 'समजणारी भाषा चांगली कीं न समजणारी' एवढ्याच दृष्टीनें पाहिलें, तर त्याचें मर्म हातीं लागत नाहीं, असें आम्हांस वाटतें. तें मर्म काय, हें शोधण्याचा या लेखांत प्रयत्न केला आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, लॅटिन ही येशू ख्रिस्ताची भाषा नव्हे. तो आरामी बोलत असे. त्याचीं चरित्रें लिहिलीं गेलीं तीं ग्रीक भाषेंत. आणि खुद्द रोम शहरांतील ख्रिस्ती मंडळीची उपासनाही पहिलीं दोन-अडीच शतकें ग्रीकमध्यें चालत असे. पुढें रोममधील सामान्य जनांस ग्रीक कळेनासें झालें, तेव्हां चौथ्या शतकाच्या सुमारास उपासना लॅटिनमध्यें आली. म्हणजे जी भाषा आज जुनाट आणि दुर्बोध म्हणून ओळखली जाते, ती वेदीवर चढली तीच मुळीं लोकांची बोली म्हणून! जुन्या ग्रीक उपासनेची एक खूण मात्र लॅटिन विधींत राहून गेली. 'प्रभो, दया कर' या अर्थाचें ग्रीक वाक्य लॅटिन मिस्साविधींत तसेंच म्हटलें जात असे. त्याच्या जोडीला 'आमेन' आणि 'हालेलुया' हे हिब्रू शब्द होतेच. धर्मविधींत अशीं जुनीं पाषाणखंडें राहतातच. आपल्या मंत्रांतील 'स्वाहा' आणि 'वषट्' यांचा अर्थ कोण विचारतो?

कालांतरानें लॅटिनच्या पोटीं इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज या कन्या जन्मल्या आणि आई वेदीवर एकटी राहिली. आपल्याकडे संस्कृत आणि प्राकृत भाषांचें झालें तसेंच कांहींसें हें झालें. आपल्याकडे 1290 सालीं ज्ञानेश्वरांनीं गीतेचा अर्थ मराठींत आणला. युरोपांत ही हांक सोळाव्या शतकांत मार्टिन ल्यूथरनें मारली. 1526 सालीं त्यानें जर्मन भाषेंतील उपासनापद्धति प्रसिद्ध केली, आणि 1549 सालीं इंग्लंडांत इंग्रजी प्रार्थनापुस्तक राजाज्ञेनें लागू झालें. या बंडास उत्तर म्हणून ट्रेंट येथें कॅथलिक धर्माचार्यांची जी महासभा भरली, तिनें 1562 सालीं असें ठरविलें कीं, मिस्साविधि सर्वत्र देशी भाषांत करणें इष्ट नाहीं. मात्र त्याच श्वासांत धर्मगुरूंस अशीही आज्ञा केली कीं, विधींत जें वाचलें जातें त्याचा कांहीं भाग त्यांनीं लोकांस वारंवार समजावून सांगावा. 1570 सालीं पोप पांचवे पायस यांनीं मिस्साविधीची प्रमाण पोथी काढली. दोनशें वर्षांहून जुन्या परंपरा वगळून बाकी सर्व लॅटिन चर्चसंस्थेस तिनें एका सूत्रांत बांधलें. ही शिस्त पुढें इतकी कडक झाली कीं, 1661 सालीं पोप सातवे अलेक्झांडर यांनीं त्या पोथीच्या फ्रेंच भाषांतराचाही निषेध केला. वेदाक्षर शूद्राच्या कानीं पडूं नये म्हणणाऱ्यांचे भाऊबंद त्या देशांतही होते, एवढें यावरून दिसतें.

ही उपासना प्रत्यक्षांत कशी होती? पुरोहित वेदीकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून उभा राहत असे. तो आणि लोक सारेच एका दिशेस, देवाकडे पाहत आहेत, अशी त्यामागील कल्पना होती. यागाची मुख्य प्रार्थना तो इतक्या हळू म्हणत असे कीं, ती पहिल्या रांगेसही ऐकूं येऊं नये. म्हणून पवित्र क्षण आला हें कळावें यासाठीं घंटा वाजवीत. लोकांनीं द्यावयाचीं उत्तरें वेदीजवळचा मदतनीस मुलगा लोकांच्या वतीनें देई. लोक काय करीत? कोणी जपमाळ ओढीत, कोणी आपापल्या प्रार्थना म्हणत, कोणी नुसते गुडघे टेकून डोळे मिटून राहत. मोठ्या सणांस ग्रेगोरियन गायन होई. त्या एकसुरी, तालाविरहित, लांबत जाणाऱ्या स्वरांत जी गंभीर शांति आहे ती सामवेदाचें गायन ऐकलेल्यास समजावून सांगावी लागणार नाहीं. थोडक्यांत, जुन्या विधींत गूढता होती, भव्यता होती, सर्व जगभर एकरूपता होती. आणि लोक बहुतेक प्रेक्षक होते.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. 1510 सालीं गोवें आणि 1534 सालीं वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली आणि त्यांच्यामागून ही लॅटिन उपासना कोंकणांत आली. येथें एक विलक्षण गोष्ट घडली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट 1579 सालीं गोव्यास आला आणि 1619 सालीं मरेपर्यंत तेथेंच, बहुतेक काळ साष्टी प्रांतांत राहिला. ज्यांचीं जुनीं पुराणें हिरावून घेतलीं गेलीं त्या नवख्रिस्ती लोकांस वाचावयास कांहीं हवें होतें. त्यांच्यासाठीं त्यानें सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'क्रिस्तपुराण' मराठींत रचलें, आणि तें 1616 सालीं रोमन अक्षरांत छापलें गेलें. त्यांत स्वर्गास वैकुंठ म्हटलें आहे, आणि मराठीची जी स्तुति त्यांत आहे ती ठाऊक नाहीं असा मराठी वाचक विरळा. ही एक वर्षाची तफावत पाहा : 1615 सालीं पोप पांचवे पॉल यांनीं चीनमधील जेसुइटांस चिनी भाषेंत मिस्साविधि करण्याची अनुमति दिली, पण ती कधींच अमलांत आली नाहीं, आणि 1616 सालीं गोव्यांत अनुमतीचा प्रश्न न काढतां एका परक्या माणसानें मराठी ओवी ख्रिस्ती घरांत नेऊन बसविली.

पण ती बसविली कोठें, हें नीट पाहिलें पाहिजे. वेदीवर लॅटिनच राहिली. पुराण, प्रश्नोत्तरी आणि प्रवचन यांस देशी भाषा; यागास लॅटिन. हा संसार आपणांस अगदीं ओळखीचा आहे. अंबाबाईच्या देवळांत गाभाऱ्यांत अभिषेक चालतो तो संस्कृतांत आणि मंडपांत कीर्तन चालतें तें मराठींत. दोन्ही एकाच छपराखालीं शतकानुशतकें सुखानें नांदत आलीं आहेत. स्टीफन्सच्या गोव्यांत असाच गाभारा आणि असाच मंडप होता. त्यांतला मंडपच पुढें पाडण्यांत आला. 1684 सालीं तेथील व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. भाषा कांहीं मेली नाहीं. परंतु स्टीफन्सनें घातलेला पाया पुढें वाढला नाहीं. 'क्रिस्तपुराण' हस्तलिखितांच्या रूपानें कानडा किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांत जगलें. 1907 सालीं मंगळुरास तें पुन्हां छापलें गेलें, आणि देवनागरींत तें मराठी वाचकांच्या हातीं पडण्यास 1956 साल उजाडावें लागलें.

येथवरची हकीकत ऐकून वाचक म्हणेल कीं, लॅटिन ही परकी सत्ता आणि मराठी-कोंकणी ही प्रजा, असा हा सरळ हिशेब आहे. तसें असतें तर पुढील गोष्ट घडलीच नसती. गोव्यांतील खेड्यांत घरच्या देव्हाऱ्यापुढें किंवा वाटेवरच्या क्रुसापुढें संध्याकाळीं शेजारीपाजारी जमून 'लादाईन' म्हणतात. ही मरियामातेची नामावळि आहे. आपल्या सहस्रनामासारखीं एकामागून एक विशेषणें येतात आणि प्रत्येकास 'आमच्यासाठीं विनंति कर' या अर्थाचें पालुपद सारे मिळून देतात. चर्चमधील उपासना कोंकणींत येऊन पन्नासांहून अधिक वर्षें झालीं, तरी ही नामावळि कित्येक गांवांत आजही लॅटिनमध्यें म्हटली जाते, बहुधा व्हायोलिनच्या साथीवर आणि दोन-तीन स्वरांच्या मेळांत. उपासकाळांत गाइले जाणारे 'मोतेत' हेही लॅटिनच. पोर्तुगीज अमदानींत चर्चला जोडलेल्या शाळांतून 'मेस्त' नांवाचा गायनशिक्षक गांवच्या मुलांस स्वरलेखन आणि लॅटिन गाणीं शिकवीत असे. त्याच शिक्षणाचा हा वारसा होय. अशी एक लादाईन आम्हीं एकदां गोव्यांतील खेड्यांत उभे राहून ऐकली आहे. गाणारे शेतकरी आणि सुतार होते. त्यांस शब्दांचा अर्थ विचारला तर तो सांगतां आला नाहीं. परंतु मध्येंच एकाचा सूर चुकतांच दुसऱ्या तिघांनीं त्यास एकदम सांवरून घेतलें. जी गोष्ट चुकली हें कळतें आणि जी दुरुस्त करण्याचा अधिकार आपला वाटतो, ती गोष्ट परकी कशी म्हणावी?

ही गोष्ट मनांत ठेवून विसाव्या शतकांतील सुधारणेकडे पाहूं. ती एका रात्रींत झाली नाहीं. 1903 सालींच पोप दहावे पायस यांनीं चर्चसंगीताविषयींच्या आज्ञापत्रांत लोकांच्या सक्रिय सहभागाचा पुरस्कार केला होता. युरोपांत पुढें साठ वर्षें विद्वान् धर्मगुरूंनीं प्राचीन ख्रिस्ती उपासनेचा अभ्यास करून दाखविलें कीं, प्रारंभीं लोक प्रेक्षक नव्हते. 11 ऑक्टोबर 1962 रोजीं दुसरी व्हॅटिकन महासभा सुरू झाली, आणि 4 डिसेंबर 1963 रोजीं तिनें उपासनेविषयींचा आपला पहिला ग्रंथ मंजूर केला. अनुकूल मतें 2147 आणि प्रतिकूल अवघीं 4. या ग्रंथांत लॅटिन काढून टाका असें कोठेंही म्हटलेलें नाहीं. लॅटिन राखावी, पण देशी भाषेस अधिक वाव द्यावा, एवढेंच म्हटलें आहे. पुरोहितानें लोकांकडे तोंड करावें असेंही त्यांत सांगितलेलें नाहीं. पण बांध एकदां फुटला म्हणजे पाणी किती जाऊं द्यावयाचें हें बांध फोडणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं. 7 मार्च 1965 रोजीं पोप सहावे पॉल यांनीं स्वतः रोममधील एका चर्चमध्यें इटालियन भाषेंत मिस्साविधि केला. 1969 सालीं त्यांनीं नवी पोथी जाहीर केली आणि त्या वर्षाच्या 30 नोव्हेंबरपासून ती लागू झाली. वेदी भिंतीपासून सुटून पुढें आली. पुरोहित लोकांसमोर उभा राहिला. मुख्य प्रार्थना मोठ्यानें म्हटली जाऊं लागली. बायबलचीं वाचनें तीन वर्षांच्या आवर्तनांत विभागून पूर्वींपेक्षां कितीतरी अधिक झालीं. उत्तरें देण्याचें काम मदतनीस मुलाकडून निघून सर्व मंडळीकडे आलें.

हिंदुस्थानांत तर सुधारणा भाषेपुरती थांबली नाहीं. डिसेंबर 1964 मध्यें सहावे पॉल मुंबईस आले, तेव्हां निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींपुढें बोलतांना त्यांनीं बृहदारण्यक उपनिषदांतील प्रार्थना उद्धृत केली. 1969 सालीं रोमनें हिंदी बिशपांची एक बारा कलमांची यादी मान्य केली. पायताणें बाहेर काढून जमिनीवर बसणें, पंचांग प्रणाम, हात जोडून परस्परांस शांतीचें अभिवादन, मेणबत्तीऐवजीं तेलाचा दिवा, आरती या गोष्टी त्यामुळें उपासनेंत येऊं शकल्या. यावरही कांहीं कॅथलिकांनींच टीका केली. आम्हांस हिंदु बनविण्याचा हा घाट आहे, असें ते म्हणूं लागले. परकी उपासना सोडण्यास सांगितलें तर परकी तीच आपली वाटूं लागते, हा मनुष्यस्वभावाचा चमत्कार येथेंही दिसला.

या सुधारणेचा मराठीस काय लाभ झाला, हें वसईस जाऊन पाहावें. 1739 सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली तरी तेथील ख्रिस्ती शेतकरी आणि बागाईतदार आपल्या धर्मांत राहिले. घरांत सामवेदी किंवा वाडवळी बोली, चर्चमध्यें लॅटिन, असा त्यांचा क्रम होता. महासभेनंतर चर्चमध्यें प्रमाण मराठी आली आणि तिच्याबरोबर मराठी गीतें, मराठी प्रवचनें, मराठी बायबल आलें. 1955 सालीं सुरू झालेल्या 'सुवार्ता' मासिकाच्या आधारानें तेथें लेखकांची एक पिढी उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल' या भाषांतरास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी 2020 मध्यें उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका कॅथलिक धर्मगुरूनें त्या पदावरून मराठींत बोलावें, यास मागें व्हॅटिकनमधील ती 2147 मतें आहेत, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लॅटिन कोणाचीच मातृभाषा नव्हती, म्हणून ती सर्वांची होती. बोटीवर खलाशी असलेला गोंयकार लिस्बनला उतरो कीं मोम्बासाला, चर्चमध्यें शिरतांच त्यास आपलीच उपासना ऐकूं येई. देशी भाषा आल्या, आणि कोणती देशी भाषा हा प्रश्न त्यांच्याबरोबर आला. मुंबईंत एकाच चर्चमध्यें इंग्रजी, कोंकणी, मराठी, तमिळ अशा वेळा वांटून घ्याव्या लागतात. म्हणजे एकाच वेदीचे निरनिराळे भक्त परस्परांस भेटतच नाहींत. बंगळुरांत तर कानडी, तमिळ आणि कोंकणी बोलणाऱ्या कॅथलिकांत उपासनेच्या भाषेवरून कित्येक दशकें कटु वाद चालला. आम्ही सीमाभागाच्या उंबरठ्यावर राहणारे लोक. भाषा जोडते त्याप्रमाणें तोडतेही, हें आम्हांस दुसऱ्यानें सांगावयास नको.

ज्यांस ही हानि असह्य वाटली त्यांचे पुढारी फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र हे होत. 1970 सालीं त्यांनीं जुन्या परंपरेच्या रक्षणासाठीं एक संघ स्थापन केला, आणि 1988 सालीं रोमची अनुमति नसतां चार बिशपांस दीक्षा दिल्यामुळें ते बहिष्कृत झाले. बेनेडिक्ट यांनीं 2007 सालीं दिलेली मुभा हा फुटलेल्यांस जवळ आणण्याचाही प्रयत्न होता. आणि फ्रान्सिस यांनीं 2021 सालीं ती आवळण्याचें जें कारण दिलें तें भाषेचें नव्हे, एकीचें होतें. जुन्या विधीचा आश्रय करून महासभाच अमान्य करणारा गट वाढत आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. याच 2021 सालीं केरळांतील सिरो-मलबार चर्चसंस्थेंत असाच भडका उडाला. तेथें उपासना 1962 सालापासून मल्याळम् भाषेंत आहे, म्हणजे भाषेचा प्रश्नच नाहीं. वाद होता तो मुख्य प्रार्थनेच्या वेळीं पुरोहितानें वेदीकडे तोंड करावें कीं लोकांकडे, एवढाच. तरी तो इतका विकोपास गेला कीं, 2022 च्या अखेरीस अर्नाकुलम येथील मुख्य बॅसिलिकेचीं दारें बंद ठेवण्याची पाळी आली. यावरून एक गोष्ट तरी स्पष्ट व्हावी : ज्या भांडणांत दोन्ही पक्षांस सर्व शब्द कळतात, तें भांडण शब्द कळण्यासाठीं नसतें.

मग तें कशासाठीं असतें? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस पंचगंगेच्या घाटावर मिळतें. वेदोक्त मंत्र संस्कृत, आणि पुराणोक्त मंत्रही संस्कृतच. ऐकणाऱ्या सामान्य माणसास दोन्ही सारखेच अनाकलनीय. उलट पुराणांतील श्लोक वैदिक ऋचेपेक्षां सोपे. अर्थ कळावा एवढीच इच्छा असती तर शाहूमहाराजांनीं पुराणोक्तावर समाधान मानावयास हवें होतें. त्यांची मागणी अर्थाची नव्हती, अधिकाराची होती. माझ्या नांवानें जी उपासना चालली आहे तींत मला कोणत्या पायरीवर उभें केलें आहे, हा त्यांचा प्रश्न होता. आणि त्याचें उत्तर देण्याचें ज्या राजोपाध्यांनीं नाकारलें त्यांचें वतन 1902 सालीं जप्त झालें. 1920 सालीं मराठा तरुणांस पौरोहित्य शिकविणारी वैदिक शाळा आणि क्षात्रजगद्गुरूंचें पीठ हीं दोन्ही महाराजांनीं निर्माण केलीं, तीं याच प्रश्नाच्या पोटीं.

आणि गंमत अशी कीं, दुसरा मार्गही याच कोल्हापुरांत त्याच काळीं चालू होता. जोतीराव फुले यांनीं 1873 सालीं स्थापिलेल्या सत्यशोधक समाजानें पुरोहितावांचून विवाह लावण्यास आरंभ केला, आणि 1887 सालीं जोतीरावांनीं मराठी मंगलाष्टकांसह पूजाविधीचें पुस्तकच काढलें. 1911 सालीं कोल्हापुरांत या समाजाची शाखा निघाली ती महाराजांच्या पाठिंब्यानें. एक मार्ग म्हणतो, 'तोच मंत्र, पण माझ्या हक्कानें'. दुसरा म्हणतो, 'माझाच मंत्र, माझ्या भाषेंत'. 1852 पासून या शहरांत असलेल्या अमेरिकन मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळीनें तर पहिल्यापासून दुसराच मार्ग धरला होता. वरकरणीं हे मार्ग परस्परविरुद्ध दिसतात. महाराजांस मात्र दोहोंस एकाच वेळीं आश्रय देण्यांत विसंगति वाटली नाहीं. आमच्या मतें ती नव्हतीच. दोन्ही मार्गांचें गंतव्य एकच होतें : उपासकानें प्रेक्षक राहूं नये.

या कसोटीवर रोमचा वादही निराळा दिसूं लागतो. ज्या लॅटिन उपासनेंत लोकांच्या वतीनें एक मुलगा उत्तरें देत होता, ती लोकांची नव्हती; आणि महासभेनें तिच्यावर घेतलेला आक्षेप न्याय्य होता. पण जी लॅटिन लादाईन सुतार आणि शेतकरी स्वतः गातात, ती त्यांचीच होती आणि आहे. कोणी महासभेनें ती त्यांस दिली नव्हती, म्हणून ती काढूनही घेतां आली नाहीं. याच न्यायानें, मातृभाषेंत चाललेली परंतु पुरोहितच एकटा बोलतो आणि बाकीचे घड्याळाकडे पाहतात अशी उपासना, नव्या पोथीप्रमाणें असली तरी जुन्या रोगानें पछाडलेली आहे. अर्थ हा सहभागाचा मोठा आणि सामान्यतः सर्वांत सोपा दरवाजा आहे, हें खरें. पण तो एकच दरवाजा नव्हे, आणि नुसता दरवाजा उघडल्यानें कोणी आंत येतोच असेंही नाहीं.

आपल्या पूर्वजांनीं या प्रश्नाचा विचार केला नव्हता असें नाहीं. यास्काच्या निरुक्तांत कौत्स नांवाच्या आचार्याचें मत दिलें आहे कीं, मंत्रांस अर्थच नसतो. यास्कानें त्याचें खंडन केलें, आणि अर्थ न जाणतां वेद पाठ करणारास भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली. जैमिनीच्या मीमांसेंतही हा वाद येतो आणि निर्णय अर्थाच्याच बाजूनें होतो. असें असून व्यवहारांत मात्र कौत्साचाच जय झाला, हें आपल्या घरोघरचे विधि पाहिल्यास कबूल करावें लागेल. विवाहांत जीं वचनें वधूवरांनीं परस्परांस द्यावयाचीं, तीं भटजी म्हणतात आणि वधूवरें छायाचित्रकाराकडे पाहतात. श्राद्धांत आपल्या आजोबा-पणजोबांचीं नांवें घेण्याचा क्षण येतो, तेव्हां तीं आठवण्यासाठीं घरांत धांवाधांव होते. मोबाइलवर ध्वनिमुद्रित पूजा लावून हळदकुंकू वाहण्याचा प्रघातही आतां पडला आहे. तेथें तर पुरोहितही प्रेक्षकांत जाऊन बसला!

रोमच्या दोन पोपांपैकीं बरोबर कोण, हें ठरविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं आणि तशी हौसही नाहीं. तो निवाडा त्या धर्माचे लोक आपल्या घरीं करतील. आम्हांस त्यांच्याकडून एवढेंच घ्यावयाचें आहे कीं, हा प्रश्न त्यांनीं उघड सभेंत मांडला, चार शतकांची रूढी तपासून पाहिली, आणि बदलाची किंमतही मोजली. आपण मात्र वेदोक्ताचा हक्क मिळविला आणि तो पुन्हां दुसऱ्याच्या तोंडीं देऊन मोकळे झालों. पुढच्या कार्याची तिथि धरण्यापूर्वीं घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं आणि मुलांनीं एक संध्याकाळ एकत्र बसावें. जें म्हटलें जाणार आहे त्याचा अर्थ पाहावा. त्यांतलें संस्कृत कोणतें ठेवावयाचें, मराठी कोणतें घालावयाचें हें ठरवावें. आणि निदान चार ओळी अशा निवडाव्या कीं, ज्या त्या दिवशीं घरचीं माणसें स्वतःच्या तोंडानें म्हणतील. त्या कोणत्या भाषेंतल्या असाव्या, याविषयीं आमचा मुळींच आग्रह नाहीं.